क्रुएल्टी-फ्री मेकअप आणि स्किनकेअर: कोल्हापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी राजारामपुरीत पार्लर चालवते आणि लग्नसराईत नवरीचा मेकअप करते. खालचे प्रश्न पार्लरमध्ये, लग्नघरात आणि भिशीत बायकांनी विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

क्रुएल्टी-फ्री म्हणजे नक्की काय?

तयार वस्तूची आणि ती ज्या घटकांपासून बनली त्यांची प्राण्यांवर चाचणी झालेली नसेल, तर ती वस्तू क्रुएल्टी-फ्री. म्हणजे तपासायला तीन जागा आल्या: कंपनी स्वतः, तिला कच्चा माल पुरवणारे, आणि कंपनी पैसे मोजून बाहेरून चाचण्या करून घेते ते लोक. डब्यावर नुसतं 'तयार मालाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' असं लिहिलं असेल, तर कच्च्या मालाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. हे वाक्य फार हुशारीने लिहिलेलं असतं, म्हणून ते नीट वाचा.

जुन्या घटकांपैकी बहुतेकांची कधी ना कधी प्राण्यांवर चाचणी होऊन गेलेली आहे. म्हणून चांगली प्रमाणपत्रं एक तारीख ठरवून देतात आणि त्या तारखेनंतर नवी चाचणी करायची नाही किंवा करवून घ्यायची नाही, अशी अट घालतात.

पण भारतात तर यावर बंदी आहे ना?

आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो. भारतीय मानक ब्युरोने २०१३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेच्या मानकातून प्राण्यांवरच्या चाचण्या काढून टाकल्या. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-सी हा नियम आला आणि देशात अशी चाचणी करायलाच बंदी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून १३५-बी या नियमाने प्राण्यांवर चाचणी केलेल्या मालाची आयातही थांबवली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांतही ही बंदी कायम आहे. दक्षिण आशियात हे पाऊल सगळ्यात आधी आपण उचललं.

तरी प्रश्न संपत नाही. इथे विकली जाणारी बाटली कायद्यात बसते, पण तीच कंपनी दुसऱ्या एखाद्या देशात, तिथल्या सरकारने मागितली म्हणून, प्राण्यांवर चाचणी होऊ देत असेल, तर आपले पैसे शेवटी त्याच गल्ल्यात जातात. शिवाय एकच रसायन क्रीममध्ये जातं, रंगात जातं आणि फरशी पुसायच्या द्रवातही जातं. त्याची चाचणी सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली न होता रसायनांच्या कायद्याखाली होऊ शकते. युरोपात 'रीच' नावाच्या रसायन-कायद्यावरून नेमका हाच वाद चालत आलेला आहे, आणि तोही तिथे २०१३ पासून चाचणी केलेली प्रसाधनं विकायला पूर्ण बंदी असताना. दुबईहून भावजयीने बॅगेतून आणलेल्या वस्तूला आपला आयातीचा नियम विचारायला येत नाही. आणि मेण, लॅनोलिन असल्या प्राणिजन्य घटकांबद्दल हे नियम काहीच बोलत नाहीत.

सशांवर नक्की करतात तरी काय?

हे वाचायला जड जाईल, पण कळायला हवं असं मला वाटतं.

जॉन ड्रेझ हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले विषतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये एक पद्धत मांडली, ती आजही ड्रेझ टेस्ट म्हणूनच ओळखली जाते. पांढरा, लाल डोळ्यांचा ससा घ्यायचा. त्याची खालची पापणी हलकेच ओढून खळगा करायचा आणि त्यात पदार्थाचा दशांश मिलिलिटर सोडायचा. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेसाठी. मग तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने लाली, सूज, पू आणि बुबुळावरचा धुरकटपणा यांना गुण देत जायचं. हे निरीक्षण एकवीस दिवसांपर्यंत चालू शकतं. त्वचेच्या चाचणीत पाठीवरचे केस भादरून तिथे पदार्थ लावतात. चाचणी संपली की बहुतेक प्राण्यांना मारून टाकतात. आपल्या डोळ्यात शिकेकाईचा एक थेंब गेला तर आपण नळाकडे धावतो. त्या सशाला नळ नाही, आणि पुष्कळदा मानही हलवता येत नाही.

१९८० मध्ये हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन या मेकअपच्या कंपनीला जाहीरपणे विचारलं, की सौंदर्यासाठी तुम्ही किती सशांना आंधळं करता? त्यानंतर कंपनीने पर्यायी पद्धतींच्या संशोधनाला पैसा दिला आणि इतर कंपन्याही हलल्या. विचारल्याने फरक पडतो हे मी कायम या उदाहरणावरून सांगते.

पाकिटावर सशाचं चित्र आहे. एवढं पुरे का?

पुरे नाही. ससा कुणालाही छापता येतो. दोन चिन्हं ओळखायला शिका. उडी मारणाऱ्या सशाचं 'लीपिंग बनी' हे चिन्ह १९९६ मध्ये आठ प्राणीसंघटनांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या व्यवस्थेतून आलं. त्यात ठरलेली तारीख असते, पुरवठादारांवर नजर ठेवावी लागते आणि बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घ्यावी लागते. दुसरं 'पेटा' या प्राणिहक्क संघटनेचं. तिथे कंपनी लेखी हमी देते. माझा जास्त विश्वास पहिल्यावर आहे, कारण तिथे तपासायला माणूस जातो. पण 'पेटा'च्या यादीत भारतीय कंपन्या खूप सापडतात, त्यामुळे रोजच्या खरेदीला तीच जास्त उपयोगी पडते. दोन्ही याद्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. दुकानात उभं राहून मोबाइलवर कंपनीचं नाव टाका, मिनिटभरात कळतं.

आपल्या जवळचं म्हणजे पुण्यातली 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था. १९७४ पासून ती याच कामात आहे आणि कोणत्या वस्तूत कुठल्या प्राण्याचं काय असतं, याची तिची माहिती फार बारकाईची आहे.

आम्ही जैन आहोत. हिरवा ठिपका बघून घेतलं तर चालेल ना?

कोल्हापुरात हा प्रश्न मला सारखा येतो, आणि हा विचारणाऱ्या काकू बहुतेक वेळा माझ्यापेक्षा जास्त चौकस असतात.

हिरवा ठिपका घटकांबद्दल सांगतो, चाचणीबद्दल सांगत नाही. सशाचं चिन्ह चाचणीबद्दल सांगतं, घटकांबद्दल सांगत नाही. क्रुएल्टी-फ्री लिपस्टिकमध्ये किडे असू शकतात, आणि पूर्ण वनस्पतिजन्य क्रीमचा एखादा घटक सशावर तपासलेला असू शकतो. दोन्ही नको असेल तर 'व्हीगन' (म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेलं) आणि 'क्रुएल्टी-फ्री' हे दोन्ही शब्द शोधावे लागतात.

आता लिपस्टिकच घ्या. लिपस्टिकच्या बुडाला चिकटवलेल्या गोल स्टिकरवर फक्त शेडचं नाव, बॅच आणि असलंच काहीतरी असतं. घटकांची यादी असते बाहेरच्या खोक्यावर, आणि खोका आपण दुकानातच टाकून येतो. तो टाकू नका. मोबाइलने यादीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. शेवटी चौकटी कंसात अधिक-वजाचं चिन्ह आणि पुढे आकड्यांची रांग दिसेल. ते रंगांचे क्रमांक. त्यात ७५४७० दिसला की तो कार्माइन, म्हणजे निवडुंगावर वाढणारे कोचिनील किडे वाळवून, कुटून काढलेला लाल. पेरूमध्ये त्याचं मोठं उत्पादन होतं. कधी कार्माइन, कधी कोचिनील, कधी नॅचरल रेड ४ असंही लिहितात. ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांतली चमक. ती नेलपॉलिशमध्ये आणि आयशॅडोमध्ये सापडते. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे लोहाचे ऑक्साइड, म्हणजे खनिज. १५८५० हा प्रयोगशाळेत बनवलेला लाल. हे एवढे आकडे पाठ झाले तरी निम्मं काम होतं.

आकड्यांशिवाय नावंही आहेत. बीजवॅक्स किंवा सेरा आल्बा म्हणजे मधमाशीचं मेण. आपल्या आज्या कुंकवाखाली मेण लावायच्या, फणेरपेटीत त्याची वेगळी डबी असायची, तेच हे. लॅनोलिन म्हणजे लोकरीतलं तेल. मेंढ्या कातरणारे धनगर आपल्याकडे आहेत, त्यामुळे लोकर कुठून येते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण कारखान्यात येणारी लोकर कुठल्या कळपातून आली आणि ती कशी कातरली, हे बाटलीवरून कळायला मार्ग नाही. स्क्वालीन हे तेल शार्कच्या यकृतातूनही काढतात. ऑलिव्ह किंवा उसापासून केलेलं स्क्वालेन मिळतं, आणि चांगली कंपनी ते ठळकपणे लिहिते. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड चरबीतूनही येतं आणि वनस्पती तेलातूनही, त्यामुळे ते कंपनीला विचारावंच लागतं. कस्तुरी हळद मात्र शुद्ध वनस्पती आहे, तिचा कस्तुरीमृगाशी संबंध नाही.

चमकीसाठी वापरतात त्या अभ्रकाबद्दलही एक सांगते. झारखंडातल्या अभ्रकाच्या खाणींमध्ये लहान मुलं राबतात, हे वारंवार उघड झालेलं आहे. सशाचं चिन्ह त्याबद्दल गप्प असतं. कंपनीला हेही विचारा.

आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा असतोच. मग मी क्रुएल्टी-फ्री वापरलं तर लोक हसतील की!

हसू देत. माझ्याही घरी मटण शिजतं आणि पापाच्या तिकटीवरून घेतलेल्या चामड्याच्या चपला माझ्याही पायात आहेत. ताटात काय असावं हा वेगळा विषय आहे, त्यावर ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावं. मस्कारा डोळ्याला लागू नये म्हणून सशाचा डोळा जाळायची आज काहीच गरज उरलेली नाही, एवढं मला स्वच्छ दिसतं. जी यातना सहज टाळता येते ती टाळायला आधी सगळं आयुष्य बदलावं लागतं, असं मला वाटत नाही. एक साबण बदललात तरी तो बदलच आहे.

प्राण्यांवर चाचणी नाही, मग वस्तू सुरक्षित कशावरून?

चाचणी होते, फक्त वेगळ्या पद्धतीने. माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा पातळ थर तयार करतात आणि पदार्थ त्यावर लावून बघतात. या पद्धतीला २०१० पासून ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेची मान्यता आहे. तिचा मार्गदर्शक क्रमांक ४३९. जुन्या घटकांची माहिती आधीपासून उपलब्ध असते. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांच्या त्वचेवर पट्टी लावून पाहतात. सशाची कातडी आणि आपली कातडी वेगळी, त्यामुळे माणसाच्या पेशींवरचा निकाल आपल्याला जास्त उपयोगी, हे साध्या माणसालाही पटेल.

पण क्रुएल्टी-फ्री म्हणजे तुमच्या कातडीला मानवणारच, असंही नाही. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नवीन काहीही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा, दोन दिवस थांबा, मगच चेहऱ्याला लावा.

घरातलं सगळं आजच फेकून देऊ का?

अजिबात नको. त्यासाठी जे व्हायचं ते होऊन गेलंय. वस्तू कचऱ्यात टाकल्याने कुठला प्राणी वाचत नाही. जे संपेल ते बदला. सुरुवात रोज लागणाऱ्या आणि लवकर संपणाऱ्या वस्तूंपासून करा: साबण, फेसवॉश, शाम्पू, टूथपेस्ट. कायद्याच्या नजरेत ही सगळी सौंदर्यप्रसाधनंच आहेत, आणि वर्षभराचे पैसे जास्त तिकडेच जातात. लिपस्टिक सावकाश बदला. मस्कारा मात्र उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकायचाच असतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. बाकी डब्यांवर उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम, २४ एम असं लिहिलेलं असतं. तेवढे महिने ती वस्तू उघडल्यावर चालते.

हे लई महाग पडत असेल ना? आणि कोल्हापुरात मिळतं तरी कुठं?

काही परदेशी नावं महाग आहेत, ती विसरा. पूर्ण व्हीगन आणि 'पेटा'च्या यादीत असलेल्या भारतीय कंपन्या आहेत, 'प्लम' हे त्यातलं ओळखीचं नाव, आणि त्यांच्या छोट्या बाटल्याही मिळतात. आपल्याकडच्या मोठ्या मेडिकल दुकानांत, राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर आणि मॉलमध्ये हा माल दिसतो. महाद्वार रोडच्या कटलरीच्या दुकानांतही मिळतो, पण तिथे संध्याकाळच्या गर्दीत खोका फिरवून वाचायला कुणी देत नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. दुकानदार निवांत असतो, दोन-चार वस्तू काढून दाखवतो, आणि तुम्ही विचारलेलं नाव लक्षातही ठेवतो. तीन-चार बायकांनी तेच मागितलं की पुढच्या खेपेला तो माल भरतोच.

नामांकित कंपनीची लिपस्टिक निम्म्याच्याही खाली मिळत असेल तर हात आखडा. नकली मालाची कुठे काय चाचणी झाली हे देवालाच ठाऊक. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत खोक्यावर असलीच पाहिजे, परदेशी मालावर आयात-नोंदणीचा क्रमांकही. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

ही कंपनी चांगली आहे, पण तिची मालक कंपनी प्राण्यांवर चाचणी होऊ देते म्हणतात. मग?

हा खरा अवघड प्रश्न. 'द बॉडी शॉप' अनिता रॉडिक यांनी १९७६ मध्ये सुरू केलं आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत ते पुढे होतं. २००६ मध्ये ते लोरियाल या बड्या फ्रेंच कंपनीने विकत घेतलं, तेव्हा अनेक जुन्या ग्राहकांनी पाठ फिरवली. त्यांचं म्हणणं होतं, नफा शेवटी वरच जातो. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, चांगली वस्तू खपली तर वरच्यालाही तो बाजार दिसतो. २०१७ मध्ये ती कंपनी ब्राझीलच्या नॅचुराकडे गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा विकली गेली. मी स्वतः दुसऱ्या बाजूची आहे. पण पर्याय समोर असेल तर स्वतंत्र भारतीय कंपनी आधी निवडते.

चीनचं बऱ्याच जणींच्या कानावर असतं. तिथे पूर्वी परदेशी प्रसाधनांना प्राण्यांवर चाचणी सक्तीचीच होती. मे २०२१ पासून साध्या प्रकारच्या मालाला अटींसह सूट मिळाली. केसांचा रंग, सनस्क्रीन, त्वचा उजळवणारी क्रीमं मात्र तिथे 'विशेष' गटात येतात आणि त्यांना ती सूट नाही. म्हणून 'चीनमध्ये विकते म्हणजे वाईट' हा सरसकट नियम आता जुना झाला.

घरचं उटणं आणि आयुर्वेदिक क्रीम तर आपोआपच क्रुएल्टी-फ्री, नाही का?

घरचं उटणं, बेसन, मुलतानी माती, खोबरेल हे बिनधास्त वापरा. रंगपंचमीच्या सकाळी अंगाला खोबरेल चोपडून बाहेर पडणं यापेक्षा चांगला सल्ला माझ्याकडे नाही. फक्त कोल्हापूरचा पाऊस लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे भिंतीलाही ओल येते, तिथे कालवलेलं उटणं दुसऱ्या दिवशी वापरू नका. कोरडं ठेवा, लागेल तेवढंच कालवा. लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्याला लावू नका.

विकतच्या आयुर्वेदिक वस्तूंचं वेगळं आहे. पुष्कळांचा परवाना आयुर्वेदिक औषधाचा असतो, सौंदर्यप्रसाधनाचा नसतो, म्हणून वरची बंदी त्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. वेष्टनावरची हिरवी पानं बघून ठरवू नका, त्यांनाही खाली दिलेले प्रश्न विचारा.

डॉक्टरांनी दिलेलं मुरुमांचं मलम बंद करू?

नको. ते औषध आहे, आणि औषधांचे नियम वेगळे. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांशिवायच्या पद्धतींना वाट करून दिली गेली आहे, पण तो बदल व्हायला वेळ लागेल. तुमचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

पुढच्या महिन्यात लग्न आहे. मेकअप आर्टिस्टला हे कसं सांगू?

बुकिंग करतानाच सांगा, आदल्या दिवशी नको. "ताई, तुमच्या किटमधलं फाउंडेशन, लिपस्टिक आणि काजळ कोणत्या कंपनीचं ते पाठवाल का?" एवढं पुरतं. कुणी चांगली आर्टिस्ट यावर नाराज होणार नाही. किट पूर्ण बदलणं तिला खर्चिक आहे, म्हणून चेहऱ्याच्या तीन-चार मुख्य वस्तू तुम्ही आणल्यात तर काम सोपं होतं. ट्रायलच्या दिवशीच त्या वापरून बघा, कारण फोटोग्राफरच्या लाइटखाली शेड वेगळी दिसते. ब्रशही विचारा. खारीच्या, बकरीच्या, मिंकच्या केसांचे ब्रश अजून विकले जातात. मुंगसाच्या केसांचा ब्रश तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. आताचे कृत्रिम केसांचे ब्रश मऊ असतात, धुतल्यावर लवकर वाळतात, आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाहीत. माझ्या किटमध्ये सगळे तसेच आहेत.

कंपनीला काय लिहून विचारायचं?

हे उतरवून घ्या आणि ग्राहक-सेवेला ईमेल करा:

"तुमच्या तयार मालाची प्राण्यांवर चाचणी कोणत्याही देशात, तुमच्याकडून किंवा तुमच्या वतीने होते का? कच्चा माल पुरवणाऱ्यांकडून तुम्ही लेखी हमी घेता का, आणि कोणत्या तारखेपासून? कायद्याने प्राण्यांवर चाचणी मागितली जाऊ शकते अशा देशात तुम्ही माल विकता का? या वस्तूतलं ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतिजन्य आहे का?"

सरळ उत्तर आलं तर ते जपून ठेवा. 'आम्ही सर्व कायद्यांचं पालन करतो' एवढंच आलं तर तो नकार समजा, कारण काही देशांचा कायदाच चाचणी मागतो. उत्तरच आलं नाही तर महिनाभराने पुन्हा लिहा, आणि तोवर दुसरी वस्तू घ्या.

घरातल्या पुरुषांना यात काही करता येईल का?

शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह, केसांचा रंग, परफ्यूम, सगळं यात येतं. दाढीचे जुन्या पद्धतीचे ब्रश डुकराच्या किंवा बॅजरच्या केसांचे असतात. नायलॉनचा ब्रश स्वस्त मिळतो आणि साबणाला फेसही छान देतो. सलूनमध्ये दाढी करत असतील तर स्वतःचा ब्रश घेऊन जायला सांगा. एकच ब्रश दहा जणांच्या गालांवर फिरण्यापेक्षा ते त्वचेलाही बरं.